सात नंबरचा बिल्ला

६ फेब्रुवारी २०२५, गुरुवार

परत माझं नाव नाही! मूल गावच्या राईस मिलचा अहवाल आज छापून आला. धूळ मी मोजली, आलेख मी काढले, मिलमालकाच्या शिव्याही मीच खाल्ल्या. पहिल्या पानावर सरांची सही. शेवटच्या पानावर मुंगीएवढ्या अक्षरात – 'क्षेत्रीय साहाय्य : एम.' एम.! पूर्ण मोनाली लिहायला शाई संपत होती काय यांची?

चार वर्षं झाली या हवा-तपासणीच्या ऑफिसात. एम.एस्सी.ला विद्यापीठात तिसरी आलेली बाई इथे 'एम.' झाली आहे.

दुपारी केबिनमध्ये जाऊन तोंडावर सांगितलं – पुढच्या कामावर माझी सही नसेल तर राजीनामा घ्या. सर हसले. त्यांचं ते हसणं डोक्यात जातं माझ्या. म्हणाले, "चामोर्शीकडचा प्लायवूडचा कारखाना आलाय. मॉडेल तू कर, सही तू कर. चूक झाली तर तीही तुझीच."

चूक म्हणे!

७ फेब्रुवारी

काम सोपं आहे. लाकडाच्या पातळ पापुद्र्यांना गोंद लावून ते एकावर एक दाबले की प्लायवूड होतं. त्या गोंदातून फॉर्मालिनचा वायू सुटतो. गोंदाच्या शेडमध्ये अकरा बायका आहेत. दिवसभरात त्यांच्या छातीत तो किती जातो, हे कॉम्प्युटरवर काढायचं. शेडची लांबी-रुंदी-उंची, रोजचा गोंद, पंखे किती, तास किती – सगळं भरलं की आकडा येतो. मग एक दिवस खरं मोजून आकडा ताडून बघायचा. मर्यादेच्या आत निघाला तर कारखाना तीन वर्षं तपासणीतून मोकळा.

जेवताना बाबांना सांगत होते. बाबांनी तीस वर्षं कोळशाच्या खाणीत काढली, त्यामुळे प्रत्येक गोष्टीत त्यांचं मत असतंच. म्हणाले, "त्या बायायले विचारलं का?"

हवा मोजायला बायांना काय विचारायचं, बाबा? हवा म्हणजे काय उमेदवार आहे, मत घ्यायला?

बाबांनी आईकडे भाकरी मागितली. त्यांचं असं विषय सोडणं सरांच्या हसण्याहून वाईट!

११ फेब्रुवारी, मंगळवार

सकाळी सहाला निघून, वैनगंगेचा पूल ओलांडून, हाडं खिळखिळी करून साडेनऊला कारखान्यात. मॅनेजरचं पहिलं वाक्य – "एकट्याच आल्या? सर नाही?" चहा आला. मग दुसरं – "शिक्षण कुठं झालं? सीट कशी मिळाली?" आडनाव ऐकल्यावरच हा प्रश्न येतो, मला पाठ आहे. म्हटलं, "पेपर लिहून मिळाली. तुम्हाला नोकरी कशी मिळाली?" चेहरा उतरला. तेवढ्यापुरतं बरं वाटलं.

शेड मोठी आहे. चार एक्झॉस्ट पंखे, चारही चालू. मी स्वतः मोजले. बायका ओढण्या, दुपट्टे नाकापासून गळ्यापर्यंत गुंडाळून काम करतात. सगळ्यात मोठी गिरजाबाई, पन्नाशीची, तिचं बाकीच्या ऐकतात. माझ्यासाठी स्टूल पुसून दिलं. आणि दुसरी ती बुधरी. गोंदाच्या रोलरवर अगदी तोंडाशी उभी असते. पस्तिशीची असेल, काटकुळी, खोकतच असते. माझ्याकडे अशी बघत होती जणू मी मॅनेजरची सून आहे!

मी वहीत पंखे लिहीत होते तर मागून म्हणाली, "लिहा, लिहा. आजच लागले ते. तुमच्यासाठी."

मॅनेजर खेकसला. म्हणे ही बाई रोज काहीतरी काढते. त्यावर ती त्याच्याकडे नाही, माझ्याकडे बघून बोलली, "मले दम लागते, मॅडम. सहा महिने झाले म्हनून राह्यली, मले बाहेर यार्डात टाका, फळ्या निवडाले. आयकतच नाई कोनी."

"रिपोर्ट येऊ दे," मॅनेजर म्हणाला. "हवा खराब निघाली तर त्याच दिवशी तुला यार्डात टाकतो. नाही निघाली तर गुपचूप रोलर चालवायचा. मॅडमच सांगतील."

म्हणजे माझ्या गळ्यात! मी काय तिची डॉक्टर आहे? मी आकड्यांची माणूस. आकडा सांगेल तो सांगेल.

शेडमध्ये वीस मिनिटं होते. बाकी वेळ ऑफिसात बसून नकाशा उतरवला.

१२ फेब्रुवारी

डोळे अजून चुरचुरतात. लॅपटॉप फार झाला.

१७ फेब्रुवारी, सोमवार

आकडा आला! मर्यादेचा जेमतेम आठवा हिस्सा. तीन वेळा चालवून बघितलं, तीनदा तेच. पंख्यांची ताकद त्यांच्यावरच्या पट्टीवरून घेतली, चारही पंखे आठ तास चालू धरले.

त्या बुधरीचं बोलणं मध्येच आठवलं, म्हणून मॅनेजरला फोन केला. नको कुणी म्हणायला की विचारलं नाही. त्याने तासाभरात कंपनीच्या कागदावर लिहून पाठवलं – 'चारही पंखे पूर्ण पाळीत चालू असतात.' शिक्का, सही, सगळं. एका बाजूला शिक्क्याचा कागद, दुसऱ्या बाजूला एका खोकणाऱ्या बाईचा टोमणा. कशावर विश्वास ठेवायचा?

सर मात्र आकडा बघून म्हणाले, "आठवा हिस्सा? इतका छान? मोजून दाखव." कौतुकाचा एक शब्द नाही. दाखवते मोजून.

२० फेब्रुवारी, गुरुवार

मोजणीचा दिवस. मॅनेजरला महाशिवरात्रीच्या मार्कंड्याच्या जत्रेआधी उरकायचं होतं, नंतर बायका आठ दिवस येत नाहीत म्हणे.

बॅज आठवडाभर आधी मागवले होते. काडेपेटीएवढे, पांढरे, मागे पिन. आतली पट्टी हवेतला वायू धरून ठेवते. सकाळी गळ्याशी लावायचा, संध्याकाळी काढून डबीत बंद करायचा, लॅबला पाठवायचा. पाच वर्षांचं पोरही करेल. पण या बायकांसमोर! गेटवर, लहानू पहारेकऱ्याच्या खोलीसमोर अकराजणींना रांगेत उभं केलं. एक हसते, एक पिनेला घाबरते, एक विचारते की हा बिल्ला नंतर आम्हालेच राहील का. एकीने माझ्यासमोर बोटाने आतली पट्टी दाबून बघितली. माझा तोल गेला. म्हटलं, "हात लावायचा नाही! हे फार महाग आहेत, परदेशातून आलेत. एकालाही डाग पडला, एक जरी हरवला, तर मी नावानिशी लिहीन कुणी केलं ते. कळलं?"

सगळ्यांचे हात खाली आले. असंच बोलावं लागतं. गोड बोललं की डोक्यावर चढतात. गिरजाबाईने सगळ्यांच्या वतीने मान हलवली, "काई होऊ देत नाई बाई त्याले. तुमी निश्चिंत राहा."

सगळ्या आत गेल्या. बुधरी तिथेच. सात नंबर तिचा. "हे काय करते?" म्हणे. मी म्हटलं, काम कर जाऊन. हलेना. "गयाले लावून देल्ली तुमी, मंग सांगा त खरं." शेवटी वैतागून सांगितलं, की तू दिवसभर जेवढी हवा ओढशील तेवढीच हा ओढतो, संध्याकाळी कळतं किती विष गेलं. झालं समाधान? तिने मान खाली घालून बॅजकडे बघितलं आणि गेली. 'हो मॅडम' नाही की काही नाही.

नियमाप्रमाणे दर तासाला शेडमध्ये फेरी मारायची असते. अकराला गेले. पंखे चालू. डोळ्यांतून पाण्याच्या धारा, घसा बसला. सगळ्यांचे दुपट्टे गळ्यावर, बॅज दिसेनात. दारातूनच विचारलं, "बॅज बरोबर आहेत ना?" गिरजाबाई म्हणाली, "एकदम बरोबर हायेत बाई. काई झालं नाई." बुधरीने वळूनही बघितलं नाही. मग मी ऑफिसात बसले. मला सर्दी होती, आणि दर तासाला जाऊन मी काय त्यांच्या गळ्यात बघत बसू?

सव्वापाचला गेटवर बॅज परत घेतले. दहा बॅज चकचकीत, नव्यासारखे. धाकाचा परिणाम. आणि सात नंबर? गोंदाने बरबटलेला! कडेला वाळून पापडी धरलेली.

"हे काय केलंस?"

"रोलरवर काम करतो मी. उडते गोंद."

"बाकीच्यांवर नाही उडला?"

तिने बाकीच्यांकडे बघितलं. गिरजाबाई पदर सारखा करत होती. बुधरी म्हणाली, "त्यायले विचारा." आणि सायकल घेऊन निघून गेली! माझं बोलणं चालू असताना!

मुद्दाम केलंय. शंभर टक्के. यार्डात जायचंय ना तिला.

२१ फेब्रुवारी

बॅज कुरिअरने लॅबला. सात नंबरच्या डबीवर लाल पेनाने 'संशयास्पद' लिहिलं.

३ मार्च, सोमवार

आले आकडे! आणि मी जिंकले! दहा बॅज – मर्यादेचा आठवा हिस्सा, कुठे नववा, कुठे सातवा. जे मी खुर्चीत बसून काढलं तेच. ऑफिसात सगळ्यांसमोर सरांच्या टेबलावर कागद ठेवला. सरांनी दोनदा चष्मा पुसला.

आणि सात नंबर – मर्यादेच्या अडीचपट! एकाच शेडमध्ये, शेजारी उभ्या असलेल्या गिरजाबाईच्या वीसपट. हवा काय बायका निवडून अंगावर येते? गोंदाचा डबा उघडून बॅज त्यावर धरला असणार बयेने. माझ्याच बोलण्यावरून शिकली – विष ओढतो म्हटलं ना मी, तर पाजलं त्याला विष!

लॅबच्या माणसाला फोन केला. तो म्हणतो, गोंद नुसता वरच्या कवचावर आहे, आतली पट्टी स्वच्छ आहे, मॅडम, आकडा खरा असू शकतो. याला काय माहीत बुधरी कोण आहे ते?

सर म्हणाले, "अकरातला एक वेगळा येतोच. ठेवायचा की काढायचा, तुझा निर्णय. सही तुझी आहे."

४ मार्च

बाबांना सांगितलं. वाटलं, खूश होतील. विचारतात, "दहा लोकं एक सांगते अन् एक जन वेगळं सांगते, त खोटं कोन?"

म्हटलं, तो एक.

"खाणीत आमी उलटं पाह्यलं," म्हणाले.

आई म्हणाली, "घ्या, भाजी घ्या." नाहीतर मी ताटावरून उठले असते.

६ मार्च, गुरुवार

परत कारखाना. सही करण्याआधी तिला एक संधी द्यायची ठरवली होती. हा माझा मोठेपणा. मॅनेजरच्या ऑफिसात बोलावलं. म्हटलं, खरं सांग, बॅज गोंदात धरलास ना? कबूल केलंस तर नुसतं 'नमुना खराब' लिहिते, तुझं नाव येणार नाही.

ती उभीच होती. चार पायऱ्या चढून आलेली तर धाप लागली होती. हे नाटक नव्हतं, एवढं मी लिहिते. ओठ निळसर दिसत होते. पण खोकला कुणालाही असतो, जंगलातल्या गावांत घरोघरी चुलीचा धूर आहे, पोरी लहानपणापासून तोच गिळतात.

"तुमी सांगितलं तसं गयाले लावली मी. संध्याकाळवरी काढली नाई."

"मग तुझाच आकडा एवढा कसा? माझं मॉडेल आठवा हिस्सा सांगतंय. दहा बॅज तेच सांगतायत."

"तुमचा कम्प्युटर खोकलते का, मॅडम?"

मॅनेजर फिस्सकन हसला. तिला नाही, मला हसला! अंगाचा तिळपापड झाला माझ्या. म्हटलं, "दहाजणी खोट्या आणि तू एकटी खरी?"

तिने गळ्यावरचा दुपट्टा सैल केला. मग म्हणाली, "त्या खोट्या नाईत. भेल्या त्या." आणि दारातून गेली.

भ्यायल्या म्हणे! कुणाला? मला? भिऊनच तर नीट वागल्या.

१० मार्च, सोमवार

अहवाल पूर्ण. बेचाळीस पानं. पान एकोणीसवर तळटीप : 'नमुना क्र. ७ हेतुपुरस्सर दूषित केल्याचा संशय असल्याने विचारात घेतलेला नाही.' हे वाक्य पाच वेळा लिहिलं, खोडलं. 'संशय' लिहिलंय, 'खात्री' नाही. मी न्यायाने वागले.

पहिल्या पानावर माझं नाव. पूर्ण. वडिलांच्या नावासकट – मोनाली बापूराव. घरी प्रत आणली. आईने गौतम बुद्धांच्या आणि बाबासाहेबांच्या फोटोसमोर ठेवली. बाबांनी चष्मा लावून पहिलं पान वाचलं, आपल्या नावावरून बोट फिरवलं, आणि पुढचं पान उलटलं नाही.

१५ मार्च, शनिवार

मॅनेजरचा फोन. आवाजात तूप! "मॅडम, फार छान रिपोर्ट. मालक खूश. दुसऱ्या शेडचं कामही तुम्हालाच द्यायचं म्हणतात." मग सहज सांगितल्यासारखं – "ती बुधरी, तिला काढलं. यार्डातही नको. तुमच्याच तळटीपेवरून. कंपनीच्या तपासणीत खोडसाळपणा म्हणजे सरळ बाहेर."

मी काढा म्हटलं नव्हतं. माझ्या अहवालात कुठेही तसं नाही. मी फक्त संशय लिहिला.

बरं, चूक तिची. नाहीतरी तिला शेडमधून बाहेरच पडायचं होतं ना? पडली बाहेर. आता छाती मोकळी होईल.

१६ मार्च

वरचं शेवटचं वाक्य वाचून माझीच मला शिसारी आली. खोडत मात्र नाही. मी असं लिहिलं, हे राहू दे.

२७ मार्च, गुरुवार

दुसऱ्या शेडची मोजणी. गेटवर नव्या बायका, त्यांना समजवायला मॅनेजरने गिरजाबाईला उभं केलेलं. मी बॅज वाटले, आवाज चढवायच्या बेतात होते, तेवढ्यात गिरजाबाईच हळूच म्हणाली, "रागावू नका बाई. याही बारीले बिल्ले लहानूच्या खोलीतच ठेवाले सांगतो मी. मागच्या बारीले आमी दहाहीजनी आत गेलो अन् लगेच मागं येऊन तिथंच खुंटीले लावून देलो होतो, संध्याकारी घालून घेतलो. तुमी म्हनल्या ना, डाग नाई पडला पायजे. पडला का एक तरी?"

मी म्हटलं, नाही पडला.

बुधरीचं विचारलं. "ते गेली ना बाई, तिकडं तेलंगणात. गावच्या बायांसंगं गाडीत बसून. मिरची तोडाले."